झिरो फोर्स मेंबर

एफ.ई.ला मेकॅनिक्समध्ये आपण सगळ्यांनीच ट्रस सोडवलेत. त्यात काही मेंबर असे निघतात की त्यांच्यावर फोर्स शून्य! दिलेल्या लोडपुरता तो मेंबर नसला तरी ट्रसचं काही अडत नाही. हे गणित कथा लिहितानाही आडवं येईल, असं मात्र मला वाटलं नव्हतं.

यंदाच्या अंकासाठी मी एक कथा लिहिली. हीरो थर्ड सेमला नापास होतो, घरी खोटं सांगतो, शेवटी पश्चात्ताप वगैरे. मैत्रिणीने वाचून विचारलं, "यातली आई काढून टाकली तर काय बिघडेल गं?" मी परत वाचलं. आई दोनदा चहा आणते आणि एकदा रडते. काढली तरी कथा जशीच्या तशी उभी! खरं सांगते, फार लागलं. कारण ती आई मी माझ्याच आईवरून घेतली होती.

आपल्याला वाटतं, 'स्ट्राँग कॅरेक्टर' म्हणजे जोरदार डायलॉग मारणारा, सगळ्यांना पुरून उरणारा माणूस. मला हे पटत नाही. पात्राला स्वतःचं काहीतरी हवं असावं आणि त्याच्या वागण्याने गोष्टीची दिशा बदलावी, बस्स! मग ते गरीब असो, भित्रं असो, चुकणारं असो.

कॉन्व्हेंटमध्ये आम्ही शेरलॉक होम्सवर फिदा होतो. पण त्याच्या बहुतेक गोष्टी सांगतो डॉ. वॉटसन. त्याला काढा, म्हणजे होम्सच्या डोक्यातलं सगळं आपल्याला आधीच कळेल आणि मजाच जाईल. मराठी पुस्तकं मी कॉलेजात आल्यावर हातात घेतली. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) शेकूची बायको थोडीच पानं येते. नांगराला एक बैल कमी पडतो, तेव्हा ती स्वतः दुसऱ्या बैलाशेजारी जू खांद्यावर घेते. भाषण नाही, रडणं नाही. पण पुस्तक मिटलं तरी ती डोळ्यांसमोरून हलत नाही.

मग लक्षात आलं, माझ्या कथेतली आई कमजोर नव्हती. मीच तिच्याकडे नीट बघितलं नव्हतं. तिला काय हवंय, हा प्रश्नच मला पडला नाही. कथेतही नाही आणि घरीही नाही.

आता कथा नव्याने लिहिली आहे. आईला निकाल आधीच कळलाय, पण ती विचारत नाही. मुलगा आपणहून खरं सांगतो का, याची वाट बघतेय. चहा ती आजही आणते. फक्त आता तो त्याच्या घशाखाली उतरत नाही.

तुम्हीही तुमच्या कथेतलं एकेक पात्र काढून बघा. आणि काही अडलं नाही, तर पात्राला दोष देण्याआधी जरा स्वतःला विचारा!