बलाढ्यांना हरविण्याची विद्या

बलाढ्य संघाशी गाठ पडली की दुबळा संघ बहुधा दोनदा हरतो. एकदा, कोणाचा सामना कोणाशी हे जाहीर होते तेव्हा. आणि दुसऱ्यांदा, प्रत्यक्ष मैदानावर. यांपैकी दुसरा पराभव धावफलकावर लिहिला जातो. पहिल्याची नोंद कोणी करीत नाही, आणि खरे नुकसान त्यानेच झालेले असते. परभणी जिल्ह्यातील बोरीसारख्या गावातून एखाद्या शाळेचा संघ विभागीय स्पर्धेस निघतो, तेव्हा "समोर पुण्या-मुंबईकडची पोरे आहेत, जपून खेळा" हा उपदेश त्याला निरोपादाखल मिळतो. उपदेश प्रेमाचा असतो, यात शंका नाही. परंतु त्यात जिंकण्याची शक्यता गृहीतच धरलेली नसते. हीच वृत्ती पुढे स्पर्धा परीक्षेच्या दालनात आणि नोकरीच्या मुलाखतीत आपल्या मुलांबरोबर जाते. म्हणूनच बलाढ्यांना हरवितात तरी कसे, हा प्रश्न क्रीडापानापुरता ठेवून भागणार नाही.

या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी आपल्याला दूर जावे लागत नाही. रणजी करंडकाच्या इतिहासात मुंबईच्या संघाने १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत लागोपाठ पंधरा वेळा अजिंक्यपद मिळविले. १९५८ साली जन्मलेले मूल शालान्त परीक्षेच्या उंबरठ्यावर येईपर्यंत त्याने दुसरा विजेता पाहिलाच नव्हता! २०२३-२४ अखेर मुंबईच्या नावावर बेचाळीस अजिंक्यपदे जमा होती. असे वर्चस्व केवळ अकरा खेळाडूंच्या गुणांवर उभे राहत नाही. हॅरिस आणि गाइल्स या ढालींसाठी होणाऱ्या शालेय स्पर्धा, १९४८ पासून भर पावसाळ्यात ओल्या खेळपट्ट्यांवर खेळली जाणारी कांगा साखळी स्पर्धा, कार्यालयांचे संघ, क्लबांची आपसांतील ईर्ष्या अशा अनेक पायऱ्या चढून मुंबईचा खेळाडू वर येतो. बळी फुकट न देणे, संकटात खेळपट्टीवर ठाण मांडणे आणि प्रतिस्पर्ध्याला श्वास घेऊ न देणे, या वृत्तीला मराठीने 'खडूस' असे नेमके विशेषण दिले आहे. मुंबईकरांनी ही शिवी पदकासारखी छातीवर मिरविली.

अशा संघाला हरविण्याचा पहिला आणि सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्याच्या दुर्दिनाची वाट पाहणे. हा मार्ग किती फसवा आहे, हे १९७०-७१ च्या हंगामाने दाखवून दिले. वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर आणि अशोक मांकड हे मुंबईचे पाच मोहरे त्या वेळी भारतीय संघासमवेत वेस्ट इंडिजमध्ये होते. अंतिम सामन्यात समोर होता महाराष्ट्राचा संघ, म्हणजे मराठवाडाही ज्याला आपला म्हणतो तो संघ. इतकी अनुकूल वेळ पुन्हा कधी येणार होती? तरीही सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखाली उरलेल्या मुंबईने तो सामना ४८ धावांनी जिंकला. बलाढ्याच्या घरातील कर्ती माणसे परगावी गेली म्हणून घर मोकळे पडत नाही; मागे राहिलेल्यांनाही त्याच शिस्तीचे वळण असते. प्रतिपक्षाच्या दुर्बलतेवर ज्यांनी मनोरथ बांधले, त्यांना आपली स्वतःची दुर्बलता तपासायला सवडच मिळत नाही.

दुसरा मार्ग कर्नाटकाने दाखविला. मार्च १९७४ मध्ये बंगळूर येथे उपांत्य सामन्यात विश्वनाथने १६२ आणि ब्रिजेश पटेलने १०६ धावा काढल्या. कर्नाटकाने ३८५ धावा उभारल्या. मुंबईचा डाव ३०७ वर आटोपला. पहिल्या डावातील ७८ धावांच्या आघाडीने पंधरा वर्षांची मक्तेदारी संपविली. कर्णधार वाडेकर पाय घसरून धावबाद झाले, त्याची आठवण मुंबईकर हळहळून काढीत आले आहेत. दैव तेथे होते, हे कबूल करावयास हवे. पण दैवाचे दान पदरात पाडून घेण्यासाठी आधी पदर पसरलेला असावा लागतो. प्रसन्ना आणि चंद्रशेखर यांच्यासारखी फिरकी जोडी एका सामन्यापुरती उसनी आणलेली नव्हती; वर्षानुवर्षांच्या मशागतीचे ते पीक होते. म्हणूनच हा विजय अपघात ठरला नाही. त्या वर्षी कर्नाटकाने करंडक तर नेलाच, पण १९८२-८३ च्या अंतिम सामन्यात खुद्द वानखेडे मैदानावर मुंबईला मागे टाकून तो पुन्हा नेला.

एखाद्या दिवसाचा पराक्रम आणि टिकाऊ सामर्थ्य यांत मात्र फरक केला पाहिजे. १९९०-९१ च्या अंतिम सामन्यात कपिल देवच्या हरियाणाने वानखेडेवर मुंबईला अवघ्या दोन धावांनी हरविले. ३५५ धावांचा पाठलाग करताना वेंगसरकर १३९ धावांवर नाबाद राहिले आणि अखेरचा गडी धावबाद झाला. जम्मू-काश्मीरच्या संघाचा विजय तर याहूनही विलक्षण. सप्टेंबर २०१४ च्या महापुरात श्रीनगरचे मैदान उद्ध्वस्त झाले होते. सरावाचीही धड सोय राहिलेली नव्हती. तरीही त्याच वर्षी डिसेंबरात परवेझ रसूलच्या या संघाने वानखेडेवर मुंबईला चार गडी राखून हरविले. जानेवारी २०२५ मध्ये रोहित शर्मा, रहाणे, जयस्वाल असे नामांकित फलंदाज असलेल्या मुंबईला त्यांनी मुंबईतच पुन्हा पाच गडी राखून नमविले. पहिल्या विजयाला योगायोग म्हणणाऱ्यांना दहा वर्षांनी उत्तर मिळाले. अशा विजयांचे मोल एका करंडकाहून मोठे असते. ते दबदब्याची भिंत फोडतात. मात्र फुटलेल्या भिंतीतून आत शिरायला मागे सैन्य उभे असावे लागते.

ते सैन्य उभे करण्याचा तिसरा मार्ग आहे ज्ञानसंपादनाचा, आणि त्यात बलाढ्याच्या घरातून विद्या आणण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. २०२१-२२ चा करंडक मध्य प्रदेशाने प्रथमच जिंकला, तो अंतिम सामन्यात मुंबईला सहा गडी राखून हरवून. त्या संघाचे प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित, म्हणजे मुंबईच्याच मातीत घडलेले यष्टिरक्षक. मुंबईच्या ३७४ धावांना मध्य प्रदेशाने तीन शतकांच्या आधारे, घाई न करता, ५३६ धावांचे उत्तर दिले. खडूसपणाची मुंबईची विद्या मुंबईवरच उलटली होती! याच पंडितांच्या मार्गदर्शनाखाली विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ असे लागोपाठ दोन वेळा अजिंक्यपद मिळविले होते, आणि मुंबईचा माजी कर्णधार वसीम जाफर त्या दोन्ही विजयांत विदर्भाकडून खेळला होता. क्रिकेटबाहेरही हेच दिसते. २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत कबड्डीतील भारताची मक्तेदारी इराणने मोडली. महिलांच्या अंतिम सामन्यात भारताला २७-२४ असे हरविणाऱ्या इराणी संघाच्या प्रशिक्षिका होत्या नाशिकच्या शैलजा जैन. आपल्या घरची विद्या आपण ओळखली नाही, की दुसरा ती आदराने घेऊन जातो, हाही बोध त्यातून घ्यावा.

तरीही केवळ गुरू आणून सामने जिंकता येत नाहीत. पराभव पचविण्याची ताकदही लागते. येथे विदर्भाचे अलीकडचे उदाहरण मनन करण्यासारखे आहे. मार्च २०२४ मध्ये वानखेडेवरील अंतिम सामन्यात विदर्भापुढे विजयासाठी ५३८ धावांचे अशक्यप्राय आव्हान होते. शरणागती पत्करण्याऐवजी त्यांनी ३६८ धावा काढल्या; कर्णधार अक्षय वाडकरने शतक झळकाविले. विदर्भ १६९ धावांनी हरला. परंतु तो सामना त्यांनी मनाने सोडलेला नव्हता. पुढल्याच हंगामात, फेब्रुवारी २०२५ मध्ये, नागपूरच्या उपांत्य सामन्यात तीच मुंबई पुन्हा समोर आली. पार्थ रेखडे या नवख्या फिरकी गोलंदाजाने एकाच षटकात रहाणे, सूर्यकुमार आणि शिवम दुबे यांना बाद केले, यश राठोडने दुसऱ्या डावात १५१ धावा केल्या आणि विदर्भ ८० धावांनी जिंकला. पुढे करंडकही त्यांनीच नेला. सहा दशके ज्या संघाची गणना कच्च्या लिंबूत होत होती, त्याने एका वर्षात हिशेब चुकता केला. पण तो हिशेब एका वर्षात शिकलेला नव्हता, हे विसरून चालणार नाही.

येथे कोणी म्हणेल, की दुबळ्यांनी उपदेशाच्या बळावर किती दिवस लढावे? नियमांनीच त्यांना हात द्यावयास नको काय? हा आक्षेप रास्त आहे. ऑस्ट्रेलियातील त्यांच्या खास फुटबॉलमध्ये, तळाशी राहिलेल्या संघाला नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिला अधिकार देण्याची पद्धत १९८६ पासून आहे. खेळाडूंच्या वेतनावरील एकूण खर्चालाही मर्यादा आहे. आयपीएलच्या लिलावातही सर्व संघांची थैली सारखीच असते. पण ऑस्ट्रेलियातील त्या स्पर्धेत एवढे नियम असूनही हॉथॉर्न संघाने २०१३ ते २०१५ अशी सलग तीन अजिंक्यपदे मिळविलीच. आणि २०१६ साली त्याला स्पर्धेबाहेर काढून बासष्ट वर्षांनी अजिंक्यपद मिळविणाऱ्या वेस्टर्न बुलडॉग्ज संघाला ते खेळूनच मिळवावे लागले. नियम दार उघडे ठेवू शकतो. उंबरठा ओलांडण्याचे काम ज्याचे त्यालाच करावे लागते. मात्र जेथे दारच बंद आहे, तेथे उंबरठ्यावरील पराक्रमाची प्रवचने देणे हा शुद्ध दांभिकपणा होय.

मराठवाड्याच्या बाबतीत या दोन्ही बाजू एकदम ध्यानात घ्याव्या लागतात. आपल्या मुलांना गुण नाहीत, हे कोणी म्हणू धजणार नाही. जानेवारी २०१४ मध्ये वानखेडेवर, आदल्या वर्षीच्या विजेत्या मुंबईला महाराष्ट्राने उपांत्यपूर्व सामन्यात आठ गडी राखून हरविले. पहिल्या डावात १२२ धावांनी मागे पडूनही संघ खचला नाही; गोलंदाजांनी मुंबईचा दुसरा डाव १२९ धावांत गुंडाळला. मग विजयी धावसंख्या गाठताना केदार जाधवच्या शतकाला साथ दिली ती नाबाद ९१ धावा काढणाऱ्या विजय झोलने. हा विजय झोल जालन्याचा. १९७१ साली महाराष्ट्राला जे मुंबईच्या पाच मोहऱ्यांच्या गैरहजेरीत साधले नाही, ते तेथे साधले. जालन्याचा मुलगा वानखेडेवर मुंबईला पुरून उरतो, तर बोरीच्या वा जिंतूरच्या मुलाने का उरू नये?

का उरू नये, याचे उत्तर मुलांपाशी नाही. ते आपल्यापाशी आहे. गावोगाव टेनिसच्या चेंडूवरील बक्षिसांच्या स्पर्धा धूमधडाक्याने होतात, ध्वनिक्षेपक लागतात, पुढाऱ्यांच्या हस्ते करंडक वाटले जातात. चार दिवसांचा तो उत्सव झाला, की मैदान पुन्हा गुराढोरांच्या स्वाधीन होते. उत्सवाने करमणूक होते, खेळाडू घडत नाही. खेळाडू घडतो तो आठवड्यामागून आठवडे, जिंकण्या-हरण्याची नोंद ठेवीत खेळल्या जाणाऱ्या सामन्यांतून. मुंबईची पुंजी हीच आहे, आणि ती मिळविण्यासाठी समुद्रकिनारा लागत नाही. एखाद्या तालुक्यातील आठ-दहा शाळांनी ठरविले, तर क्रिकेट, कबड्डी वा खो-खोचे वर्षभराचे सामने त्यांना आपापसांत भरविता येतील. परीक्षा जवळ आली की शारीरिक शिक्षणाचा तास दुसऱ्या विषयाच्या घशात घालण्याची रीत मोडणे मुख्याध्यापकांच्या हाती आहे. पालक असलेल्या नोकरदार वर्गाला खेळणारे मूल वाया गेले असे न मानण्याला तर पैसाही लागत नाही.

शासन आणि क्रीडा संघटना यांना यातून मोकळीक द्यावी, असा याचा अर्थ नव्हे. मैदाने, प्रशिक्षक आणि निवड चाचणीसाठी दूरच्या शहरात जाणाऱ्या गरीब मुलाचा प्रवासखर्च, ही त्यांची जबाबदारी आहे आणि ती त्यांच्याकडून वाजवून घेतली पाहिजे. परंतु अनुशेषाचे गाऱ्हाणे हे आपल्या आळसाचे पांघरूण होता कामा नये. आपल्यावर अन्याय झाला हे सांगण्यात आपण तरबेज झालो आहोत. त्याच तपशिलाने प्रतिस्पर्ध्याचा खेळ कोणी अभ्यासला आहे काय?

बलाढ्यांचा पराभव होतो, तो त्यांच्यावर जळून होत नाही आणि त्यांच्यापुढे नमूनही होत नाही. त्यांना नीट पाहावे लागते, त्यांच्याकडून निःसंकोचपणे शिकावे लागते, आणि हरल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मैदानावर यावे लागते. कर्नाटकाने, विदर्भाने, पुरात मैदान गमावलेल्या काश्मीरनेही हेच केले. आपल्या शाळेचा संघ यापुढे स्पर्धेला निघेल, तेव्हा त्याला निरोप देताना "जपून खेळा" म्हणू नये. समोरच्या संघाबद्दल काय माहिती काढली, एवढेच विचारावे. त्या प्रश्नाचे उत्तर जेव्हा मुले तोंडपाठ देऊ लागतील, तेव्हा निदान गावात होणारा पहिला पराभव तरी टळलेला असेल.