हिस्सा आणि हक्क

‘शार्क टँक इंडिया’ या दूरचित्रवाणीवरील उद्योगस्पर्धेच्या पहिल्या पर्वांत (२०२१-२२) मालेगांवकडील कमलेश घुमरे यांनीं फवारणीची सायकलगाडी मांडली. पाठीवर पंप वाहणाऱ्या शेतकऱ्याचे कष्ट त्यांच्या घरचेच. म्हणून त्यांचें साधें हिंदी भाषणहि धनिकांस पटलें. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडील ज्या मुलांस इंग्रजीचें उगाच भय वाटतें, त्यांनीं तें अवश्य पाहावें.

परंतु पुढचा हिशेब आम्हांस अधिक बोधप्रद वाटतो. पीयूष बन्सल यांनीं १० लक्ष रुपये दिले ते ४० टक्के हिश्श्याच्या मोबदल्यांत. २० लक्ष बिनव्याजी कर्ज निराळें. निरुपाय असेल, पण हिस्सा मोठाच गेला!

धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) येथील गोंड ग्रामस्थांनीं मालकी आधीं पक्की केली. २००९ सालीं सुमारें १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळविला, बांबूच्या वाहतुकीचे परवाने २०११ सालीं ग्रामसभेच्या हातीं आले, मगच विक्री. मोहाचे लाडू घेऊन भांडवलदाराकडे निघालेल्या तरुणांनीं आधीं या सभेंत बसून यावें. देवाजी तोफा यांच्यासारखा पुढारी लाभूनहि तेथें निर्णय एकट्याचा नसतो, बहुमताचाहि नसतो. सर्वांचें एकमत होईपर्यंत चर्चा चालते.