तोट्यातल्या कारखान्याचे संशोधन

मंदी आली की पहिली कात्री लागते ती नव्या कामाच्या चाचण्यांना. कोल्हापूरच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगाव वसाहतीतली एखादी फाउंड्री पाहा. नव्या कास्टिंगचे पॅटर्न करून घ्यायचे, वाळूचे मिश्रण बदलून पाहायचे, पहिले नग सच्छिद्र निघाले की पुन्हा भट्टीत टाकायचे. वीज, धातू, मजुरी हा सारा खर्च ऑर्डर हाती येण्याआधीचा. कॅश क्रेडिटची मर्यादा संपलेला मालक तो कुठून करणार?

सरकारने संशोधनाला हात दिलाच नाही, असे नाही. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ३५(२एबी) प्रमाणे मान्यताप्राप्त संशोधन विभागाच्या खर्चावर मार्च २०१७ पर्यंत २०० टक्के वजावट मिळे. पुढे ती १५० टक्के झाली आणि एप्रिल २०२० पासून १०० टक्क्यांवर आली. पण वजावट दुप्पट होती तेव्हाही २० लाख खर्चणाऱ्या नफ्यातल्या कंपनीचा ३० टक्के दराने १२ लाख कर वाचे. तोट्यातल्या कंपनीचा फक्त कागदावरचा तोटा वाढे. धंद्यातला तोटा पुढे ओढता येतो आठ वर्षे. तोवर कारखाना तगायला हवा ना!

आता केंद्राने संशोधनासाठी १ लाख कोटींची योजना आणली आहे. तिचे स्वागतच, पण तिचा भर दीर्घ मुदतीच्या, कमी व्याजाच्या कर्जावर आहे. ज्याचे खाते एसएमए-२ मध्ये गेले, म्हणजे थकबाकी ६० दिवसांपलीकडे गेली, त्याला आणखी कर्ज कोण देणार, आणि त्याने ते घ्यावे तरी का?

ऑस्ट्रेलियात २ कोटी डॉलरपेक्षा कमी उलाढालीच्या कंपनीला पात्र संशोधन खर्चावरची करसवलत, कर लागत नसेल तर, रोख परत मिळते. आपल्याकडेही हेच हवे, असे आमचे स्पष्ट मत आहे. गैरवापराची भीती खरी आहे. ब्रिटनला चुकीच्या आणि खोट्या दाव्यांमुळे नियम कडक करावे लागले. म्हणून परतावा खर्च झाल्यावर, तांत्रिक तपासणीनंतर आणि ठरावीक मर्यादेतच द्यावा.

ही मागणी मांडायला आकडे लागतील. आज आपल्यापैकी बहुतेकांचा चाचण्यांचा खर्च ‘दुरुस्ती-देखभाल’ नाहीतर ‘कच्चा माल’ या खात्यांत विरून जातो. या महिन्यापासून त्याचे स्वतंत्र खाते उघडा, ट्रायलची नोंदवही ठेवा आणि अर्थसंकल्पापूर्वी आपल्या औद्योगिक संघटनेकडे ते आकडे द्या.