शाळेतला ड्रोन खेळणे आहे काय?



आपल्या शिक्षणसंस्थेच्या माध्यमिक शाळेसाठी चार लहान शिकाऊ ड्रोन आणि ते चालविण्याचे हातातले कंट्रोलर घ्यावेत, अशी सूचना येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे येत आहे. गटवार सभांतून तिच्यावर बरेच बोलणे झाले. काही सभासदांनी तोंडावरच विचारले, "आमच्या ऊसबिलातून टनामागं कपात होते, ती काय पोरांना खेळणी घ्यायला?" प्रश्न रास्त आहे. पैसा घामाचा आहे आणि त्याचा हिशेब मागण्याचा हक्क प्रत्येक भागधारकाला आहे. म्हणूनच या अंकात आम्ही आमचे मत मांडीत आहोत. ते सर्वांना पटलेच पाहिजे असा आमचा आग्रह नाही. पण सभेत हात वर करण्यापूर्वी विषय नीट समजून घ्यावा, एवढी विनंती आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. उदाहरणादाखल २०१८ साली बाजारात आलेला 'टेलो' नावाचा शिकाऊ ड्रोन घेऊ. चीनमधल्या राइझ नावाच्या कंपनीने डीजेआय कंपनीचे तंत्र आणि इंटेलची चिप वापरून तो तयार केला. वजन ८० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका मध्यम कांद्याएवढे. चार कोपऱ्यांवर चार पंखे आणि पंख्यांभोवती प्लॅस्टिकचे कडे. बॅटरी पूर्ण भरली की कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे १३ मिनिटे उडतो. पोटाखाली एक बारका कॅमेरा असतो. तो जमिनीवरच्या खुणा पाहून यंत्राला एका जागी धरून ठेवतो. म्हणूनच चकचकीत फरशीवर, पाण्यावर किंवा अंधारात हे यंत्र भरकटते. वाऱ्यात तर त्याचा काहीच टिकाव लागत नाही.

असा ड्रोन तीन तऱ्हांनी चालविता येतो. एक, मोबाईलच्या काचेवर बोटे फिरवून. दुसरी, संगणकावर 'स्क्रॅच'सारख्या सोप्या भाषेत हुकूम लिहून. तिसरी, दोन दांड्यांचा कंट्रोलर हातात धरून. टेलोसाठी निघालेला कंट्रोलर ब्लूटूथने मोबाईलशी बोलतो आणि मोबाईल वाय-फायने ड्रोनशी बोलतो. म्हणजे हुकूम दोन टप्प्यांनी जातो. आमचे म्हणणे असे की शाळेने या तिसऱ्या तऱ्हेपासून सुरुवात करावी. संगणकाचा हुकूम नंतर शिकवावा, मोबाईलची काच शक्यतो वापरूच नये.

याचे कारण उघड आहे. काचेवर अंगठा कुठे आहे ते बोटाला समजत नाही. मग पोरगं मान खाली घालून मोबाईलकडे बघतं, आणि तेवढ्यात वरचे यंत्र भिंतीला भिडते. कंट्रोलरच्या दांडीला स्प्रिंग असते. ती किती सरकवली हे अंगठ्याला कळते, आणि सोडली की ती आपोआप मध्यावर येते. मध्यावर आली की ड्रोन जागच्या जागी थांबतो. त्यामुळे नजर आकाशातल्या वस्तूवर राहते आणि हात आपले काम करतो. बैलजोडी हाकणारा माणूस काय हातातल्या कासऱ्याकडे बघत बसतो? त्यातलाच हा प्रकार.

दोन दांड्यांचे काम साधारणपणे असे वाटलेले असते. डाव्या दांडीने यंत्र वर-खाली जाते आणि स्वतःभोवती फिरते. उजव्या दांडीने पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे सरकते. ऐकायला सोपे आहे. खरी मेख पुढे आहे. ड्रोनचे तोंड आपल्याकडे वळले की डाव्या-उजव्याची उलटापालट होते. दांडी उजवीकडे दाबावी तर यंत्र आपल्या डाव्या हाताला जाते. सभासदांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. कारखान्याच्या यार्डात भरलेली ट्रॉली रिव्हर्स घेताना नवा ड्रायव्हर कसा घामाघूम होतो, ते आपण दर हंगामात पाहतो. स्टिअरिंग इकडे आणि ट्रॉली तिकडे. हे शहाणपण पुस्तकातून येत नाही, हाताला सवय लागावी लागते. आणि ही सवय चौदा-पंधराव्या वर्षी जेवढ्या लवकर लागते तेवढी पुढे लागत नाही, असा आमचा समज आहे.

आता मुख्य प्रश्न. हे शिकून करायचे काय?

आडसाली ऊस डोक्याच्या वर गेला की पाठीवर पंप घेऊन आत शिरणे किती जिकिरीचे असते, ते ज्याने केले त्यालाच माहीत. पाने अंग कापतात, सरीत पाय रुततो, औषध पिकापेक्षा माणसाच्या अंगावर जास्त पडते. तांबेरा किंवा पांढरी माशी अशा उभ्या उसात आली तर बांधावरून बघत बसण्यावाचून फारसे हाती राहत नसे. आता फवारणीचे ड्रोन आले आहेत. सुमारे दहा लिटरची टाकी घेऊन ते एकरभर उसावरून काही मिनिटांत फिरतात. केंद्र सरकारच्या कृषी मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये ड्रोनने फवारणी कशी करावी याची कार्यपद्धतीही ठरवून दिली. म्हणजे ही गोष्ट प्रदर्शनातली राहिली नसून शिवारात उतरली आहे.

तरीही ड्रोन म्हणजे सर्व रोगांवर उतारा, असे आम्ही म्हणणार नाही. २००२ साली महाराष्ट्रात उसावर लोकरी मावा आला, तेव्हा शेवटी हात दिला तो मित्रकीटकांनी. ते कीटक सांभाळायचे असतील तर कुठे फवारायचे आणि कुठे नाही याचेही भान पाहिजे. यंत्र हाती आले म्हणून उठसूट औषध मारणे हा शहाणपणा नव्हे. परंतु जिथे फवारणी करायचीच आहे, तिथे ती कोण करणार हा आमचा प्रश्न आहे. आपल्या शिवारातला आपला पोरगा, आपली लेक, की बाहेरून आलेला ठेकेदार?

१९५० साली प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना उभा राहिला आणि पुढे महाराष्ट्रभर अशा कारखान्यांची चिमणी दिसू लागली. कारखाना शेतकऱ्याचा, पण यंत्रावरचा माणूस मात्र बऱ्याचदा बाहेरचा, असे सुरुवातीच्या काळात होते. मग आपल्याच पैशातून शाळा निघाल्या, तंत्रशिक्षण आले आणि सभासदांची मुले फिटर, इलेक्ट्रिशियन, केमिस्ट म्हणून त्याच कारखान्यात उभी राहिली. मालकी नुसती शेअरच्या दाखल्याने येत नाही; यंत्र चालविण्याची विद्या घरात आली की ती पुरी होते. ड्रोनच्या बाबतीत हा धडा पहिल्यापासून गिरवायला काय हरकत आहे?

कायद्याचीही वाट खुली आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन 'नॅनो' समजला जातो आणि तो चालविण्यास रिमोट पायलटचे प्रमाणपत्र लागत नाही. शाळेचा शिकाऊ ड्रोन याच वर्गात बसतो. फवारणीचा मोठा ड्रोन चालवायचा तर मात्र प्रमाणपत्र पाहिजे. त्यासाठी वय १८ पूर्ण, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण, या अटी आहेत. म्हणजे आज नववीत असलेला मुलगा किंवा मुलगी चार वर्षांत त्या दारात उभी राहू शकते. शाळेतल्या सरावाने प्रमाणपत्र मिळणार नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु ज्याचा हात आधीच बसलेला आहे, त्याला ते प्रशिक्षण जड जाणार नाही.

मुलींचा उल्लेख आम्ही मुद्दाम करतो. केंद्राने २०२३ साली 'नमो ड्रोन दीदी' योजना आणली. १५,००० महिला बचत गटांना ड्रोन देण्याचे उद्दिष्ट ठेवले आणि किमतीच्या ८० टक्के, पण ८ लाख रुपयांपर्यंत, साहाय्य देऊ केले. योजना येतात आणि जातात. पण आली तेव्हा दांडी हातात घ्यायला तयार असलेली बाई गावात किती होती? शाळेत मुलींना मागच्या रांगेत उभे करून मुलांनीच यंत्र उडवायचे असेल, तर हा खर्च न केलेला बरा.

काही सुशिक्षित सभासदांनी आणखी एक शंका काढली. ते म्हणतात, फवारणीचा ड्रोन हल्ली नकाशावर आखून दिलेल्या वाटेने आपोआप जातो, मग दांड्या फिरवायला कशाला शिकायचे? शंका चांगली आहे. पण वाट आखून दिली तरी मध्ये विजेची तार असते, बांधावर बाभूळ असते, अचानक वावटळ उठते. उपग्रहाचा संकेत क्षीण झाला तर यंत्र वाऱ्याबरोबर वाहू लागते. त्या क्षणी यंत्र ताब्यात घेणारा हात लागतो, आणि तो विचार करीत बसणारा असून चालत नाही. सरळ रस्त्यावर कोणीही गाडी चालवील. ड्रायव्हरची परीक्षा घाटात.

आता आमच्या अटी. सूचनेला आमचा पाठिंबा आहे, पण तो डोळे झाकून नाही.

एक: ड्रोन कपाटात जाता कामा नये. पाहुणे आले की बाहेर काढायचे आणि एरवी कुलपात ठेवायचे, ही रीत पुष्कळ शाळांतल्या प्रयोगसाहित्याच्या आणि संगणकांच्या वाट्याला आली आहे. आठवी ते दहावीच्या प्रत्येक मुला-मुलीच्या नावापुढे उडविल्याची मिनिटे लिहिणारी वही ठेवावी आणि ती वही शालेय समितीने दर तीन महिन्यांनी तपासावी.

दोन: बॅटऱ्या पुरेशा घ्याव्यात. १३ मिनिटे सांगितलेली बॅटरी वर्गात १० मिनिटांची धरावी. प्रत्येकाला दोन मिनिटे दिली तर एका बॅटरीत पाचच पोरं. शिवाय ती पुन्हा भरायला दीड तासाच्या आसपास लागतो. चाळीसच्या वर्गाला आठ बॅटऱ्या हव्यात, हा साधा हिशेब आहे. चार ड्रोन घेऊन चारच बॅटऱ्या घेतल्या, तर अर्धा वर्ग नुसता बघत बसेल. त्यापेक्षा ड्रोन दोन घ्या, पण बॅटऱ्या आणि सुटे पंखे भरपूर घ्या.

तीन: शिस्त. सराव शाळेच्या सभागृहात, पंख्यांना कडे लावून. एकाने उडवायचे, दुसऱ्याने शेजारी उभे राहून बॅटरी किती उरली ते मोठ्याने सांगायचे. फुगलेली बॅटरी ताबडतोब बाजूला काढायची, उडवून गरम झालेली बॅटरी निवल्याशिवाय चार्जिंगला लावायची नाही, उन्हात तर मुळीच नाही. गव्हाणीजवळ, यार्डात, तारांखाली किंवा यात्रेच्या गर्दीत कोणीही हे यंत्र नेणार नाही, हा नियम पहिल्या दिवशीच फळ्यावर लिहावा.

चार: खरेदी. वर टेलोचे उदाहरण दिले ते समजण्यासाठी. परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आयात करण्यावर केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये बंदी घातली. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांपुरतीच परवानगीने सवलत ठेवली. सुट्या भागांना मात्र मोकळीक दिली. तेव्हा चोरट्या वाटेने आलेला माल स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नये. देशात बनलेला, सुटे भाग आणि दुरुस्ती मिळेल असा नॅनो ड्रोन रीतसर दरपत्रके मागवून घ्यावा, आणि त्याला दोन दांड्यांचा कंट्रोलर चालतो की नाही हे आधी समक्ष पाहावे.

आम्हाला कल्पना आहे की या वर्षी सभासदांपुढे प्रश्न अनेक आहेत. तोड वेळेवर मिळत नाही, खताचा खर्च वाढतो, पहिल्या उचलीकडे डोळे लागलेले असतात. अशा वेळी शाळेच्या ड्रोनविषयी लिहावे हे कोणाला अवांतर वाटेल. परंतु तोडीला माणूस मिळत नाही म्हणून आपण हार्व्हेस्टरकडे वळलो. उद्या फवारणीला माणूस मिळाला नाही की ड्रोनकडे वळणारच. तेव्हा त्याचे भाडे आपण बाहेर मोजायचे की ते आपल्याच गावात राहू द्यायचे, हे आज नववीच्या वर्गात ठरत आहे.

सभेत विषय निघेल तेव्हा "खेळणं आहे" म्हणून हसण्यावारी नेऊ नये, आणि "नवं आहे" म्हणून टाळ्याही वाजवू नयेत. अटी घालून मंजूर करावे आणि पुढच्या वर्षीच्या सभेत ती वही मागावी. एकूण एक पोरा-पोरींची मिनिटे त्यात लिहिलेली दिसली, तर पैसा कारणी लागला. पाने कोरी दिसली, तर त्याच सभेत जाब विचारावा. तो विचारणाऱ्यांत आम्हीही असू.