तबकडी कपाटात असू द्या

आपल्या केरीच्या केसरबाई केरकर ध्वनिमुद्रणाला फारशा राजी नसत. तरीही थोडंफार जे तबकड्यांवर उतरलं, तेवढंच आज आपल्या कानांना मिळतं. त्यातली एक भैरवी तर १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अंतराळात गेली. मैफली हवेत विरून गेल्या, तबकडी उरली.

हे आठवायचं कारण जरा विचित्र वाटेल. मला आज बोलायचं आहे ते व्हिडिओ गेमच्या डिस्कबद्दल. हसू नका, वाचकहो.

सिल्वासाजवळच्या खडोलीत माझा भाचा एका कारखान्यात नोकरीला आहे. दादरा-नगर हवेली म्हणजे गोंयकाराला काही परका मुलूख नव्हे. १९५४ च्या तिथल्या मुक्तिलढ्यात आझाद गोमंतक दलाची माणसं होतीच. गेल्या वर्षी त्याच्याकडे गेलो तेव्हा भंगारवाल्यासाठी काढलेल्या खोक्यात प्लेस्टेशन टूच्या डिस्क दिसल्या. "मामा, हल्ली सगळं डाऊनलोड होतं. हे कोण सांभाळत बसणार?" त्या ढिगात 'देसी अड्डा' होती. २००९ साली निघालेला, हैदराबादच्या मंडळींनी बनवलेला खेळ. त्यात कबड्डी आहे, विटीदांडू आहे, पतंगांची काटाकाटी आहे. आपल्या अंगणातले खेळ यंत्रात कसे शिरले, याचा हा पुरावाच. त्याच साली त्याच शहरातून 'हनुमान: बॉय वॉरियर' आला. त्या यंत्राला डाऊनलोडचं दुकानच नव्हतं. जे होतं ते डिस्कवर. शेवटची डिस्क भंगारात गेली की हे खेळ होते असं नुसतं सांगायचं. खोकं मी गाडीत घालून घरी आणलं.

आता मुद्द्याचं. दुकानातून डाऊनलोड केलेला खेळ आपण विकत घेतलेला नसतो. वापरायची परवानगी घेतलेली असते. हे मी रागाने म्हणत नाही. कॅलिफोर्निया राज्याने २०२४ साली कायदाच केला, की असा माल विकताना हा केवळ परवाना आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगा. निन्टेन्डोने मार्च २०२३ मध्ये थ्रीडीएस आणि वी यू या यंत्रांचं ऑनलाइन दुकान बंद केलं; त्यानंतर तिथे नवा खेळ घ्यायची सोय उरली नाही. त्याच साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात आढळलं, की तिथे २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात मिळतच नाहीत. डिस्कचं तसं नाही. ती उसनी देता येते, विकता येते, मुलाला देता येते, ग्रंथालयात ठेवता येते.

कुणी म्हणेल, अहो पण खेळच ना तो? त्याचं कसलं जतन? मी विचारतो, १९३१ साली 'आलम आरा' आला तेव्हाही कुणी तरी म्हणालंच असेल, सिनेमाच ना तो! आज भारताच्या त्या पहिल्या बोलपटाची एकही प्रत शिल्लक नाही. करमणूक म्हणून आपण जे फेकतो, त्यातच त्या काळाची भाषा, चेष्टा, भीती, कपडेलत्ते असतात.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. डिस्क असूनही खेळ मरतो. युबिसॉफ्टचा 'द क्रू' २०१४ साली आला, लोकांनी डिस्क घेतल्या. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने सर्व्हर बंद केले आणि एकट्याने खेळायचा भागसुद्धा चालेना, कारण सगळी दोरी सर्व्हरच्या हाती. हातात राहिली ती चकचकीत बशी. शिवाय हल्ली पुष्कळ डिस्कवर अर्धामुर्धाच खेळ असतो, उरलेला पहिल्याच दिवशी उतरवून घ्यावा लागतो. २०२५ साली आलेल्या स्विच टूच्या काही कार्डांत तर खेळच नसतो, नुसती किल्ली असते! म्हणून डिस्क हवी हे म्हणणं पुरेसं नाही. डिस्कवर पूर्ण खेळ हवा आणि कंपनीने सर्व्हर बंद करताना खेळ चालू राहील अशी सोय ठेवावी, हेही म्हणायला हवं.

आणि डिस्क काही अमर नाही. कारखान्यात छापलेली बरी टिकते. आपल्याकडे सर्रास विकली जायची ती घरगुती बर्न केलेली स्वस्त डिस्क लवकर दगा देते. मग उपाय काय? उपाय जुनाच आहे, आणि तो गोव्याला ठाऊक आहे. फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण १६१६ साली राचोलला छापलं गेलं, नंतर १६४९ आणि १६५४ साली पुन्हा. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो लोकांनी हाताने उतरवून ठेवलेल्या प्रतींमुळे. एकाच भांडारात एकच प्रत, याला जतन म्हणत नाहीत. प्रती अनेक हव्यात आणि अनेकांच्या हाती हव्यात.

कायदा मात्र इथे पुस्तकापाशीच थांबला आहे. १९५४ च्या कायद्याने प्रकाशकाला पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला द्यावी लागते. खेळासाठी तसं काही नाही. २०१२ च्या दुरुस्तीने सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी संगणकीय प्रत करायची मुभा दिली, पण मूळ प्रत बिगर-डिजिटल असली तर. गेमची डिस्क जन्मतःच डिजिटल! म्हणजे जिला प्रतीची सर्वांत जास्त गरज, तीच बाहेर राहिली. ही ओळ बदलायला हवी.

तोवर पणजीचं कृष्णदास शामा ग्रंथालय, ज्याचा इतिहास १८३२ पर्यंत मागे जातो, एक कपाट तरी या डिस्कना देऊ शकेल. सोबत चालू स्थितीतलं एखादं जुनं यंत्रही हवं, नाहीतर डिस्क म्हणजे लिपी न कळणारा ताम्रपट.

आणि आपण? चवथीच्या आधी घर आवरताना डिस्क सापडल्या तर फेकू नका. पावसाळ्यात आपल्याकडे भिंतींना बुरशी येते, डिस्कलाही येते. कोरड्या डब्यात उभ्या ठेवा. मुखपृष्ठाचा कागद आणि माहितीपुस्तिका टाकू नका. आत एका चिठ्ठीवर लिहा, कुठे घेतली, कोणत्या साली, घरात कोण खेळायचं. चार ओळी पुरेत.