कोर्लईची माणसे म्हणजे अवशेष नव्हेत

अलीकडे सातारा-सांगलीकडील सुशिक्षित कुटुंबे सुटीत अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावर जाऊन येतात, आणि परतल्यावर कोणी प्रवासवर्णन लिहितो, कोणी स्नेह्यांच्या बैठकीत व्याख्यान झोडतो. देशावरच्या माणसाने समुद्र पाहावा, यात गैर काहीच नाही. परंतु रेवदंड्याची खाडी ओलांडून ही मंडळी कोर्लईस पोहोचली, की त्यांच्या लेखणीस हटकून एक विकार जडतो. तीन बाजूंनी समुद्राने वेढलेल्या डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या या गावातील ख्रिस्ती वस्तीची बोली देशाभिमान्यांस ‘गुलामगिरीचा अवशेष’ वाटते, तर रसिकांस ‘चिमुकल्या पोर्तुगालची’ मौज वाटते. एक नाक मुरडतो, दुसरा टाळ्या पिटतो. आमच्या मते दोघेही चुकतात, आणि दोघांच्या चुकीचे मूळ एकच आहे: समोरच्या माणसाकडे पाहण्याऐवजी ते त्याच्या पाठीमागच्या तटबंदीकडे पाहतात.

प्रथम देशाभिमान्यांचा आक्षेप घेऊ. पोर्तुगीजांनी चौलास १५२१ साली किल्ल्याचे काम आरंभिले. १५७०-७१ चा निजामशाही वेढा व्यर्थ गेला, आणि १५९४ साली खाडीच्या मुखावरील कोर्लईचा दुर्गही पोर्तुगीजांच्या हाती पडला. पुढे मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली आणि १७४० च्या तहाने हा मुलूख मराठ्यांकडे आला. फिरंगी अंमल गेला. मागे राहिली ती ख्रिस्ती झालेली, याच मातीतील साधी कुटुंबे. त्या दिवसापासून त्यांच्या बोलीस ना राजा उरला, ना दरबार, ना शाळा, ना छापखाना. धर्माने ती शेजाऱ्यांहून वेगळी पडली, राज्यकर्त्यांपासून तर तुटलीच. तरीही पावणेतीनशेहून अधिक वर्षे आईने ती बोली लेकराच्या तोंडी दिली, आणि आजही हजाराच्या आतबाहेर माणसे ती बोलतात. ही बोली परसत्तेच्या छायेत जन्मली, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु केवळ धन्याच्या धाकाने जी टिकते ती भाषा धन्याच्या पाठोपाठ नाहीशी व्हावयास हवी होती. जी धन्यावाचून टिकली, तिला गुलामीची भाषा कोणत्या न्यायाने म्हणावे?

शिवाय हा न्याय आम्ही स्वतःस कधी लावतो काय? बटाटा, पाव, पगार, चावी, लिलाव हे शब्द आमच्या स्वयंपाकघरांत आणि कचेऱ्यांत पोर्तुगीजांकडूनच आले. त्यांनी मराठीचे शील बिघडल्याचे कोणी म्हणत नाही. ज्या पूर्णविरामाने आमचे अस्सल मराठी वाक्य संपते, तोही इंग्रजांकडून घेतलेला. आणि ज्या सत्तेने १८४८ साली साताऱ्याचे राज्य खालसा केले, तिच्याच अंमलदारांची, एल्फिन्स्टन आणि लॉडविक यांची नावे महाबळेश्वरी कड्याकड्यावर उभे राहून आम्ही पाहुण्यांस कौतुकाने सांगतो! साताऱ्यापासून अर्ध्या दिवसाच्या अंतरावरील ही विसंगती ज्यांस खुपत नाही, त्यांनी कोर्लईच्या कोळणीच्या वा शेतकऱ्याच्या उच्चारात परदास्य शोधावे, हा देशाभिमान मोठा सोयीचा म्हणावा लागेल.

आता रसिकांकडे वळू. यांचे प्रेम द्वेषाइतकेच उथळ आहे. कोर्लईत पोर्तुगाल शोधणाऱ्याने एवढे तरी ध्यानात घ्यावे, की या बोलीतील शब्द बहुतांशी पोर्तुगीज कुळातले असले, तरी वाक्याची ठेवण मराठीच्या सहवासाने पालटली आहे. पोर्तुगीजांत क्रियापद कर्माच्या आधी येते. कोर्लईच्या बोलीत ते मराठीप्रमाणे वाक्याच्या अखेरीस जाऊन बसते. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन भाषापंडिताने १९९६ साली या बोलीच्या घडणीवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात हा पालट तपशिलाने दाखविला आहे. म्हणजे रसिक ज्याला लिस्बनचा तुकडा समजतात, ते घर वस्तुतः परक्या विटांनी परंतु आमच्याच बांधणीने उभे राहिलेले आहे. गावकरी तिला ‘नो लिंग’ म्हणतात. त्याचा अर्थ ‘आमची भाषा’. या दोन शब्दांत पोर्तुगालचे नाव नाही, हे रसिकांनी लक्षात ठेवावे.

तिसरा एक वर्ग स्वतःस व्यवहारी म्हणवितो. त्याचे म्हणणे असे, की मूठभरांची बोली राहिली काय आणि गेली काय. त्या लोकांनी मराठी पत्करावी म्हणजे प्रश्न मिटला. पण मराठी त्यांनी केव्हाच पत्करली आहे. बाजारात, शाळेत, कचेरीत ते मराठीच बोलतात. घरात आणखी एक भाषा बोलतात, एवढाच त्यांचा अपराध. एक आत्मसात करावयाची म्हणजे दुसरी टाकलीच पाहिजे, हा दंडक कोणी घातला? हाच दंडक इंग्रजीचे अभिमानी आम्हांस लावतात तेव्हा आमचा संताप अनावर होतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आम्ही पेढे वाटले. थोरल्या भाषेपुढे न्याय मागणाऱ्याने धाकट्या भाषेस न्याय नाकारला, तर त्याच्या मागणीत तत्त्व उरत नाही, केवळ स्वार्थ उरतो.

म्हणून आमची विनंती साधी आहे. कोर्लईस जाणाऱ्याने किल्ला अवश्य पाहावा, समुद्रही पाहावा. परंतु वाटेत भेटलेल्या गावकऱ्यास ‘तुमची ती गमतीची भाषा जरा बोलून दाखवा’ असे फर्मावू नये. आमच्या महाविद्यालयांनी सहलींच्या गाड्या पाठविताना दोन होतकरू विद्यार्थीही तेथे राहावयास पाठवावेत. वृद्ध माणसे हयात आहेत तोवर त्यांच्या संमतीने गाणी, म्हणी, शेतीचे आणि मासेमारीचे शब्द देवनागरीत उतरवून घ्यावेत, आणि तो संग्रह प्रथम गावाच्या स्वाधीन करावा. तेथील शाळेत मुलाच्या घरच्या शब्दास हसू नये, तर त्याचा मराठी प्रतिशब्द शेजारी ठेवावा. एवढे केल्याने मराठीचे तिळमात्र नुकसान होणार नाही. उलट, आपल्या अंगणातील धाकट्या भाषेस जिने जगू दिले, अशी भाषा म्हणून तिचा शब्द इतरत्र अधिक मानाने ऐकला जाईल.