विमानाला संरक्षण मिळाले, ग्रॅच्युइटीला कधी?

जेट एअरवेजचे कर्मचारी न्यायालयात हरले नाहीत, आणि या प्रकरणातली सर्वांत अस्वस्थ करणारी बाब तीच आहे. 17 एप्रिल 2019 ला कंपनीची उड्डाणे थांबली, जूनमध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीची थकबाकी पूर्ण द्या, असे अपिलीय न्यायाधिकरणाने ऑक्टोबर 2022 मध्ये बजावले; त्याविरुद्धचे अपील जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळले. पुढे नव्या मालकांनी कबूल केलेले पैसे उभे केले नाहीत, आणि 7 नोव्हेंबर 2024 ला त्याच न्यायालयाने कंपनी अवसायनात काढली. हक्क पक्का झाला, वसुली कुणाकडून करायची हे मात्र अधांतरी राहिले. असे वाद खरोखर मिटवायचे तर निवाडे लवकर लागून भागणार नाही. कंपनी उडत असतानाच हा पैसा तिच्या हाताबाहेर ठेवला पाहिजे.

दिवाळखोरी संहितेच्या 36 व्या कलमानुसार भविष्य निर्वाह, निवृत्तिवेतन आणि ग्रॅच्युइटी निधीतली रक्कम धनकोंच्या वाटपात येत नाही. पण त्यासाठी मुळात निधी असावा लागतो. भविष्य निर्वाह निधीचा भरणा दरमहा होतो, तो चुकला की खात्यात दिसते. ग्रॅच्युइटी मात्र अनेकदा ताळेबंदातला नुसता आकडा असते. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून 30 हजार रुपये घेणारा, 18 वर्षे विमानांची देखभाल केलेला तंत्रज्ञ घ्या. दर वर्षाला 15 दिवसांचे वेतन आणि 26 दिवसांचा महिना, या हिशेबाने त्याचे सुमारे 3 लाख 11 हजार रुपये होतात. आजच्या वेतनावर महिन्याला साधारण 1,440 रुपये बाजूला पडले असते, तर या माणसाला वकील करावा लागला नसता.

विमान कंपन्यांचा नफा तुटपुंजा, इंधन महाग, भाडे डॉलरमध्ये; त्यात हा बोजा कशाला, असे विचारले जाईल. अडचण खरी आहे. पण हा नवा खर्च नव्हे, झालेल्या कामाचे देणे आहे. ते न भरता चालणारी कंपनी कामगारांकडून बिनव्याजी कर्ज घेत असते, आणि तेही त्यांना न विचारता. शिवाय याच धंद्यात दुसऱ्या एका देणेकऱ्याची काळजी सरकारने किती तत्परतेने घेतली, हेही पाहावे. मे 2023 मध्ये गो फर्स्ट दिवाळखोरीत गेली आणि भाड्याने दिलेली विमाने अडकली. ऑक्टोबरमध्ये विमानांना दिवाळखोरीतल्या वसुली-स्थगितीतून वगळणारी अधिसूचना निघाली, 2025 मध्ये स्वतंत्र कायदाही झाला. विमानमालकांचे हित जपणे योग्यच होते, नाहीतर भाडी वाढली असती. पण ग्रॅच्युइटीच्या सक्तीच्या विम्याचे कलम कायद्यात आले ते 1987 साली. कर्नाटकने त्याचे नियम 2024 मध्ये केले. अनेक राज्यांत शाखा असलेल्या विमान कंपन्यांना ते कलम लागू करण्याचा निर्णय केंद्राचा. तो इतकी वर्षे झाला नाही. वैमानिकांना भरपूर पगार असतो, त्यांना संरक्षण कशाला, या आक्षेपात फारसा दम नाही. ग्रॅच्युइटीला 20 लाखांची मर्यादा आहेच, आणि सामान चढवणाऱ्यांना, तिकीट खिडकीवरच्यांना वैमानिकाचा पगार नसतो.

व्यवस्था बदलता येते, हे एअर इंडियात दिसले. तिथला भविष्य निर्वाह निधी 1925 च्या कायद्याखाली, कंपनीच्या न्यासांकडे होता. खासगीकरणाच्या तोंडावर, डिसेंबर 2021 पासून, कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या छत्राखाली तो आला. मालकाचा वाटा 10 वरून 12 टक्के झाला आणि वैधानिक निवृत्तिवेतनही जोडले गेले. एअर इंडियाचे सगळे वाद त्याने मिटले नाहीत, पण निधीबाबत नव्या मालकाच्या मर्जीवर राहण्याची वेळ कामगारांवर आली नाही. ग्रॅच्युइटीसाठी हेच करावे: विमा किंवा स्वतंत्र न्यास, न्यासावर कामगार संघटनांचे प्रतिनिधी, आणि भरणा झाल्याचा दाखला दर तिमाहीला जाहीर. उड्डाण परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने तो दाखला मागावा. विमान उडण्यायोग्य आहे की नाही, याचे कागद ते तपासतेच.